पन्नास कप, एक पातेलं

घरी चार कप हॉट चॉकलेट झक्क जमणाऱ्या माणसाला सोसायटीच्या एकतीस डिसेंबरसाठी पन्नास जणांचं करायला सांगितलं, की तो आधी गुणाकार करायला बसतो. चार कपांना एवढी साखर, तर पन्नासाला किती? गणित बरोबर येतं आणि चॉकलेट बिघडतं. कपभर दूध डोळ्यांदेखत तापतं. सहा लिटर दुधाला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्यात तळाशी काय चाललंय ते वरून दिसत नाही.

हो, पन्नास जणांना सहा लिटर पुरे. माणशी साधारण १२० मिलिलिटर. हा आकडा सांगितला की कमिटीतलं कुणीतरी ‘एवढंसंच?’ म्हणतंच. एवढंसंच. हे काही पन्हं नव्हे. मोठे मग भरून दिलेत, तर निम्मं चॉकलेट कुंडीतल्या मनीप्लँटला जाईल.

सहा लिटर दुधाला मी दीडशे ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, चारशे ग्रॅम डार्क चॉकलेट, तेवढीच साखर आणि पाऊण चमचा मीठ घेते. मीठ वगळू नका, त्यानं कडवटपणाची धार जाते. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा वापरणार असाल, तर हे माप विसरा. त्यात बरीचशी साखरच असते. आणि चॉकलेटची लादी घेताना मागचं लेबल वाचा. स्वस्त लादी बहुतेकदा ‘कंपाऊंड’ असते, म्हणजे कोको बटरच्या जागी वनस्पती तेल. केकवर ओतायला ती ठीक, पण दुधात घातली की टाळूला मेणचट थर बसतो.

खरं काम दूध तापायच्या आधीचं. कोको थेट दुधात टाकला की गुठळ्या होणारच. पावडरीत स्निग्धांशही असतो आणि पिष्टही; गुठळीची बाहेरची बाजू भिजून फुगते, आतली कोरडीच राहते. म्हणून कोको आणि साखर कोरडीच एकत्र करायची, मग उकळतं पाणी थोडं थोडं घालत घोटायचं. साखरेच्या दाण्यांमुळे कोकोचे कण सुटे राहतात. चकचकीत, सरसरीत झालं की मंद आचेवर दोन मिनिटं शिजवायचं, खाली उतरवून त्यात चॉकलेटचे तुकडे विरघळवायचे. हा गोळा आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतो. कार्यक्रमाच्या दिवशी मग फक्त दूध सांभाळायचं.

ही पावडर तरी कुठे फार जुनी आहे? आम्सटरडॅमच्या फान हाउटेन यांनी १८२८ मध्ये कोकोतलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठे असा भुगा हाती आला. त्याआधी चॉकलेट पिणाऱ्यांच्या पेल्यात तूप तरंगायचं, आणि ते मोडायला फेस काढावा लागायचा. मेक्सिकोत त्यासाठी मोलिनियो नावाची लाकडी काठी आजही वापरतात, दोन तळव्यांत धरून गरागरा फिरवायची. आपल्या रवीची चुलत बहीणच. त्याहून जुनी तऱ्हा म्हणजे एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतणं. प्रिन्स्टनच्या संग्रहालयातल्या एका माया भांड्यावर तशी ओतणारी बाई रंगवलेली आहे. आपण ओतायच्या फंदात पडू नये, पण रवी जरूर घ्यावी. वर फेस असला की सायही लवकर धरत नाही, आणि कपात साय आलेली पाहून तोंड वाकडं करणारी मुलं प्रत्येक इमारतीत असतात.

आता दूध. इथे कोजागिरीचं मसाला दूध आटवणाऱ्या काकूंना शरण जावं, यूट्यूबला नाही. जाड बुडाचं पातेलं, आधी पाण्यानं विसळलेलं, न पुसता. मध्यम आच. मी डाव घेऊन उभी राहिले, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “अगं, डाव वरचंवरच फिरतो. उलथनं घे, बूड खरवडत राहा.” उलथन्याची सपाट कड तळावरून फिरली की दुधातली प्रथिनं बुडाला चिकटून बसत नाहीत. तरीही करपल्याचा वास आलाच, तर मात्र खरवडणं तिथेच थांबवा आणि वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता. दूध वाफाळलं, कडेला बुडबुडे आले, की त्यातलंच दोन डाव घालून गोळा सैल करायचा आणि मग सगळा आत सोडायचा.

दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर लावलं की काहींना ती लबाडी वाटते. मेक्सिकोतलं चंपुरादो मक्याच्या पिठानंच दाट करतात, तेव्हा खुशाल लावा. लिटरला सपाट चमचा, थंड दुधात कालवून. त्याहून जास्त घातलंत तर कस्टर्ड वाढावं लागेल. मार्शमेलोचा हट्ट मात्र सोडा. बहुतेकांत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, आणि शाकाहारी घरांच्या सोसायटीत वर्षाचा शेवट त्या वादानं कशाला करायचा?

वाढायला नळाचा थर्मास सोयीचा दिसतो, पण कोको खाली बसतो. पहिल्या कपांत गाळ आणि शेवटच्यांत कोमट पांढरं पाणी. पातेलं अगदी मंद आचेवर ठेवून ओगराळ्यानं वाढा, दर वेळी तळापासून ढवळून. ओगराळं अशाच माणसाच्या हाती द्या ज्याला ‘सगळ्यांचं होऊ दे, मग दुसरा’ हे सेक्रेटरींनाही सांगता येईल.

उरलंच तर पुन्हा पुन्हा गरम करू नका. कुल्फीच्या साच्यांत भरा आणि फ्रीझरमध्ये टाका. एक जानेवारीला दुपारी मुलं विचारत येतातच.