पाच लाखांचे कार्ड आणि एक दाढ

विमा नसलेल्या माणसाला परवडणारे दंतोपचार कसे मिळावेत, या प्रश्नाला आपल्या शासकीय वर्तुळात एक ठरलेले उत्तर आहे: त्याला विमा द्यावा. बैठकीत हे उत्तर आले की सर्वांचे समाधान होते, टिपणी तयार होते आणि चहा येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उत्तर अर्थशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही आणि प्रशासनाच्याही. उदाहरणासाठी तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे गाव घेतो. कामानिमित्त या भागात माझे जाणे झाले आहे, आणि मराठी वाचकाला हे गाव परके वाटू नये अशी कारणेही आहेत. त्यांच्याकडे पुढे येईन. (मते अर्थातच व्यक्तिगत आहेत, सरकारची नव्हेत.)

प्रथम कार्डाविषयी. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. प्रति कुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण. तामिळनाडूची स्वतःची विमा योजना त्याहून जुनी, २००९ सालची. पुढे दोन्हींची सांगड घातली गेली. योजना वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकण्याची पाळी ज्यांच्यावर येत होती त्यांना या कार्डांनी खरोखरच तारले. परंतु या योजनांची रचना रुग्णालयातील खाटेभोवती झालेली आहे. माणूस दाखल झाला तर पैसे. दाढेला कीड लागलेला माणूस दाखल होत नाही. तो बाकावर बसतो, गाल धरून. जबडा मोडला तर योजनेत त्याचे पॅकेज आहे, तोंडाचा कर्करोग झाला तर आहे. दात भरणे, रूट कॅनाल, कवळी यांना त्यात स्थान नाही. म्हणजे रोग स्वस्तात बरा होण्याजोगा असतो तेव्हा शासन हात बांधून उभे राहते, आणि त्याने गळ्यापर्यंत मजल मारली की तिजोरी उघडते. सडक्या दाढेचा संसर्ग जबड्याखाली व मानेत उतरून श्वासमार्ग बंद होण्याची वेळ येऊ शकते, हे कोणताही दंतवैद्य सांगेल. तोवर थांबलेला रुग्ण मात्र आमच्या दृष्टीने 'पात्र' ठरतो!

आता असे कोणी म्हणेल, की मग कार्डात दंतोपचार घाला, झाले. इथे विम्याचा मूळ सिद्धांत आठवावा लागतो. जे संकट क्वचित येते, कोणावर येईल ते सांगता येत नाही आणि आले तर माणसाला बुडवते, त्यासाठी विमा असतो. घराला आग लागणे हे तसे संकट. दातांचे दुखणे याच्या अगदी उलट. ते जवळजवळ सर्वांना होते, त्याचा खर्च एकेकदा लहान असतो, आणि ते आज-उद्यावर ढकलता येते. अशा गोष्टीचा विमा उतरवू पाहणारी कंपनी एक तर हप्ता खर्चाइतकाच लावील किंवा अटींचे कुंपण घालील. वाचकांपैकी जे अमेरिकेत आहेत त्यांना हे मी सांगायला नको. तेथील वृद्धांच्या मेडिकेअर योजनेने १९६५ पासून नेहमीचे दंतोपचार कायद्यानेच बाहेर ठेवले आहेत, आणि नोकरीबरोबर मिळणाऱ्या 'डेंटल प्लॅन'ची वार्षिक मर्यादा सर्वसाधारणपणे एक-दोन हजार डॉलरांपाशी संपते. त्या कागदाला विमा म्हणण्यापेक्षा सवलतीचे कूपन म्हणणे अधिक योग्य. डिसेंबरात पुण्याला येऊन महिन्याच्या सुटीतले आठ दिवस दंतवैद्याच्या खुर्चीत घालवणारे आपले किती आप्तेष्ट आहेत, ते मोजून पाहावे. जगातील सर्वांत श्रीमंत देशाला विम्याच्या वाटेने जे साधले नाही ते ओरत्तनाडूत साधेल, अशी आशा बाळगण्यास आधार काय?

ओरत्तनाडु हे तंजावराहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने पंचवीसएक किलोमीटरवर. भात, नारळ आणि मजुरी यांवर चालणारा तालुका. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने या पट्ट्यातील नारळाच्या बागा आडव्या केल्या. नारळाचे झाड पुन्हा फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात, तेव्हा त्या नुकसानीचा हिशेब अलीकडेपर्यंत चालू होता. २०२५-२६ साली तामिळनाडूत रोजगार हमीचा दर दिवसाला ३३६ रुपये होता. रूट कॅनाल आणि वरची कॅप खाजगी दवाखान्यात पाच हजारांत झाली तर स्वस्त म्हणायची. म्हणजे एका दाढेसाठी पंधरा दिवसांची मजुरी. त्यामुळे माणूस काय करतो? लवंग, मग गालात तंबाखू, मग औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी, आणि शेवटी दात उपटून टाकणे. दाढदुखीवर तंबाखूचा बार धरणारा मनुष्य मी इथे पाहिला तसा मराठवाड्यातही पाहिला आहे. पुढच्या कर्करोगाची पेरणी तो अशी स्वहस्ते करीत असतो.

या गावाशी आपले नाते असे, की ते मराठी राजाच्या एका संस्थेभोवती वाढले. दुसरे सरफोजी महाराज यांनी १८०२ च्या सुमारास मुक्तांबा या आपल्या सहचरीच्या स्मरणार्थ येथे छत्र उभारले. मुक्तांबाळ छत्र म्हणून ते आजही ओळखले जाते. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, परंतु रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे आपल्याकडे राहावीत यासाठी सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंटला आग्रहाने लिहिले. वाटसरूला अन्न, आजाऱ्याला वैद्य व औषध, अडलेल्या बाळंतिणीची काळजी, पोरक्या मुलांना विद्या, असा छत्रांच्या कामाचा व्याप त्यात मांडला आहे. धन्वंतरी महालात औषधींचे प्रयोग करविणारा आणि नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवविणारा हा राजा होता. त्याच्या पदराचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. छत्रांचा खर्च जमिनींच्या उत्पन्नातून चाले आणि त्या जमिनी कसणाऱ्यांची स्थिती काय होती हाही प्रश्न विचारला पाहिजे. मला एवढेच दाखवायचे आहे, की छत्राने वाटसरूचा भुकेविरुद्ध विमा उतरवला नव्हता. त्याने पान मांडले होते. ज्याला जे हवे ते, जिथे तो आहे तिथे, प्रत्यक्ष पुरवणे ही प्रशासनाची एक जुनी आणि सरळ रीत आहे. कार्डांच्या काळात आपण ती गमावत चाललो आहोत.

प्रत्यक्ष पुरवठ्याची साधने आपल्याकडे नाहीत असेही नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थी बी.डी.एस.ला प्रवेश घेऊ शकतात. बहुसंख्य महाविद्यालये खाजगी. शिकून बाहेर पडलेला पदवीधर शहरात दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबतो किंवा आमच्यासारख्या नोकऱ्यांच्या परीक्षांना बसतो. एकीकडे रिकामे हात, दुसरीकडे दुखऱ्या दाढा, आणि मध्ये न मंजूर झालेले पद. दात आहेत तर चणे नाहीत ही म्हण आपल्या दंतधोरणालाच लावावी! २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम अस्तित्वात आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यावयाच्या १२ सेवांच्या यादीत तोंडाचे आरोग्य आहे. यादीत असणे आणि गावात असणे यांतील अंतर सरकारी नोकराने सांगण्याची गरज नसावी.

तामिळनाडूला येथे श्रेय द्यायलाच हवे. चेन्नईच्या जुन्या शासकीय दंत महाविद्यालयानंतर अण्णामलैनगरचे राजा मुथय्या दंत महाविद्यालय शासनाने आपल्या विभागाकडे घेतले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुदुक्कोट्टै येथे तिसरे शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. ते ओरत्तनाडूच्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. ज्याच्याकडे विमा नाही त्याच्यासाठी आजचा व्यवहार्य मार्ग हाच: आधी तालुक्याचे सरकारी रुग्णालय, मग तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय, आणि किचकट काम असेल तर दंत महाविद्यालय, जिथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात आणि आकार नाममात्र असतो. विद्यार्थ्याच्या हातून काम करून घ्यायला पुष्कळजण भितात. प्रत्येक पायरी तपासली जात असल्यामुळे वेळ अधिक लागतो, एवढाच त्यातला खरा तोटा.

पण हा वेळच गरिबाला महाग पडतो. रूट कॅनालला दोन-तीन खेपा, कवळीला चार-पाच. प्रत्येक खेपेला बसभाडे आणि एक दिवसाची बुडालेली मजुरी. शुल्क शून्य असले म्हणून किंमत शून्य होत नाही, हे एम.ए.च्या पहिल्या वर्षात शिकवतात आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात विसरतात. म्हणून जिल्ह्याचे महाविद्यालय कितीही चांगले असले तरी चालत जाण्याच्या किंवा एका बसच्या अंतरावर खुर्ची हवी.

येथे एक टीप विशेषतः आपल्या लोकांविषयी. सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या भागांतील गलाई कारागीर दक्षिणेतील गावोगावच्या सराफ पेठांत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करतात. त्यांच्या कामात तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, रोजचे. आम्लाच्या वाफांनी पुढच्या दातांचे आवरण झिजते ही व्यवसायजन्य विकारांत जुनीच नोंद आहे. या मनुष्याचे दात झिजतात तामिळनाडूत आणि शिधापत्रिका असते विट्याला. तामिळनाडूच्या योजनेला स्थानिक शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला लागतो. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना त्याच्या रोजच्या दुखण्यात त्याच्या कामाची नाही. कार्डावर आधारलेली व्यवस्था स्थलांतरिताला अशी दोन्हीकडून सोडते. खुर्ची मात्र कार्ड विचारत नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवून चिठ्ठी घेतली की झाले; परप्रांतीयाने संकोच करू नये.

'परवडणार कसे?' हा वित्त विभागाचा नेहमीचा आक्षेप. दात कोरून पोट भरत नाही, असेही वर ऐकवले जाते. आक्षेप जुना आहे. ब्रिटनमध्ये १९४८ साली मोफत आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कवळ्यांसाठी इतकी झुंबड उडाली की १९५१ मध्ये त्यांवर शुल्क लावले गेले, आणि त्या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी त्या मुद्द्यावर मंत्रिपद सोडले. मागणी दडपलेली असली की प्रारंभी असा लोंढा येतो, हे मान्य. पण आज उपाय स्वस्त झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आवश्यक औषधांच्या यादीत फ्लुओराइडयुक्त टूथपेस्ट, दात भरण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट आणि कीड थोपवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड यांचा समावेश केला. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून, वीज वा ड्रिल न वापरता, हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. शाळेच्या वर्गातही ती करता येते. थायलंडने आपल्या सार्वत्रिक योजनेत दात भरणे, काढणे, साफ करणे आणि कवळी हे सर्व घेतले, आणि जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांतून दिले. शेजारच्या कर्नाटकाने 'दंतभाग्य' योजनेत दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना दंत महाविद्यालयांमार्फत मोफत कवळ्या बसवल्या. आणि आपण? टूथपेस्ट व टूथब्रशवर २०१७ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर घेत राहिलो. तो ५ टक्क्यांवर आला सप्टेंबर २०२५ मध्ये. आठ वर्षे आपण प्रतिबंधावर कर घेतला.

माझे स्वतःचे स्थान इथे लपवू नये. केंद्रीय नोकर म्हणून माझ्या दातांसाठी सीजीएचएस आहे. दात भरण्याचे, रूट कॅनालचे, कवळीचे दर तिच्या तक्त्यात छापलेले आहेत. सरकारला जर आपल्या कारकुनाच्या दाढेचा खर्च बाह्यरुग्ण म्हणून करता येतो, तर तत्त्वाचा प्रश्न आधीच सुटलेला आहे. राहतो तो केवळ कोणाच्या दाढेचा, हा.

ओरत्तनाडूत पशुवैद्यकीय महाविद्यालय २०१२ पासून आहे. जनावराचे तोंड उघडून दातांवरून वय ओळखायला तेथील विद्यार्थी शिकतात. माणसांच्या बाबतीतही तोंड उघडून पाहण्याचे काम कोणावर तरी सोपवले पाहिजे. २०२१ पासून तामिळनाडूत घरोघर जाऊन रक्तदाब व मधुमेहाची औषधे देणारी योजना चालते. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग एकमेकांना वाढवतात, तेव्हा त्याच भेटीत हिरड्या पाहणे फारसे अवघड नाही.

तालुकागणिक दोन खुर्च्या, दोन दंतवैद्य, एक सहायक, निर्जंतुकीकरणाचे यंत्र, लहान क्ष-किरण यंत्र आणि साहित्याचा वार्षिक दरकरार, एवढेच मागणे आहे. जागेची अडचण सांगू नये. तंजावरच्या छत्रांचा कारभार आज जिल्हाधिकाऱ्यांच्याच अखत्यारीत आहे. धर्मादाय उत्पन्नाचा काही भाग वाटसरूच्या दाढेवर खर्च केला तर मूळ दात्याच्या हेतूचा भंग होईल असे मला वाटत नाही. फक्त एक विनंती. तपासणीच्या दौऱ्यांत मी अशा खुर्च्या पाहिल्या आहेत की ज्यांवर प्लास्टिकचे वेष्टन तसेच होते, आणि अशाही, की ज्यांचा कॉम्प्रेसर बंद पडल्याने डॉक्टर केवळ दात उपटण्याचेच काम करीत होते. खरेदीच्या प्रस्तावात देखभालीचा पाच वर्षांचा करार आणि कॉम्प्रेसरच्या सुट्या भागांची यादी पहिल्याच दिवशी घालावी. नंतर त्यासाठी वेगळी मागणी करावी लागते, आणि ती मंजूर होईपर्यंत डॉक्टरची बदली झालेली असते.