ह्यांना सर्दी झालीय का?

स्वतःच्या हाताने स्पीकर बनवायचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की माणूस कामातून गेलाच म्हणून समजा. शनिवारी सगळा ग्रुप लोणावळ्याला भजी खायला जातो आणि आपण तपकीर गल्लीत तांब्याची कॉइल शोधत फिरतो. माझं सध्या हेच चाललंय. एमडीएफची अठरा मिलिमीटरची फळी घेऊन सुताराकडे गेलो, दोन खोकी आणि त्यांना गोल भोकं असा कागद त्याच्यासमोर ठेवला, तर तो म्हणाला, "साहेब, कबुतरं पाळताय का?"

पण माझी तयारी जय्यत होती. खोकं किती लिटरचं हवं हे हल्ली अंदाजपंचे ठरवावं लागत नाही. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील नावाच्या इंजिनीयरने आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉलने सगळं गणित मांडून ठेवलंय. वूफरचे तीन आकडे माहीत असले की काम झालं: तो स्वतः कुठल्या फ्रिक्वेन्सीला डोलतो, त्याच्या पडद्याची स्प्रिंग किती लिटर हवेइतकी सैल आहे आणि तो डोलायचा किती लवकर थांबतो. माझा साडेसहा इंची वूफर म्हणजे ४० हर्ट्झ, २५ लिटर आणि ०.३८. सूत्रात घातलं की बंद खोकं आलं दहा लिटरचं, आणि खालचे सूर साधारण ७४ हर्ट्झपर्यंत नीट मिळणार. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, तेसुद्धा कंपनीच्या ग्राफवरून कॉम्प्युटरवर जुळवलं. स्क्रीनवर टोटल सरळ रेघ! इस्त्री मारल्यासारखी.

स्पीकर वाजले आणि मी जाम खूश. प्रत्येक झांज वेगळी, गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतोय. ऑफिसातले दोघं घरी येऊन ऐकून गेले आणि "आम्हालाही एकेक जोडी करून दे यार" म्हणत अ‍ॅडव्हान्स देऊन मोकळे झाले. मी लगेच शहाणपणा केला. ट्वीटरच्या वाटेतला ८० रुपयांचा कपॅसिटर काढून १८०० रुपयांचा इम्पोर्टेड लावला, ऐकला आणि त्यांना सांगितलं, "एकेका स्पीकरमागे जास्तीचे पैसे द्या, पण हा लावाच. समोरचा पडदा उठल्यासारखं वाटतं." त्यांनी दिले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग एका रविवारी मी बाबांच्या पंचाहत्तरीला केलेल्या भाषणाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. कंटाळवाणे भाग कापून नातेवाइकांना सीडी... सॉरी, लिंक पाठवायची होती. "आमच्या लहानपणी रेशनच्या रांगेत" हे वाक्य मी चार-पाचदा पुढेमागे करून वाजवलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अरे, ह्यांना सर्दी झालीय का? आल्याचा चहा टाकते म्हणावं."

बाबा तेव्हा पर्वती चढत होते!

आता हे वाक्य बाबा तसंही दिवसातून दोनदा बोलतात, त्यामुळे आई फसली यात तिची चूक नाही. उलट मला ती पावतीच वाटली. चाळीस वर्षं जो आवाज ऐकला, तोच घरात आहे असं तिला वाटलं, याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं? पण सर्दी? तिला बाहेर बोलावून पुन्हा ऐकवलं. "हो रे, गेंगाणं येतंय. ह्यांचा आवाज कसा छातीतून येतो. हा नुसता गळ्याच्या वरचा आहे." बाबा आल्यावर त्यांनाही ऐकवलं. ते म्हणाले, "हा मी नाहीच." पण त्यांचं मत बाद. स्वतःचा आवाज आपण हाडांतूनही ऐकत असतो, त्यामुळे रेकॉर्डिंगमधला आपला आवाज प्रत्येकाला परकाच वाटतो. साक्षीदार म्हणून आईच खरी. तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर लावलं तर बाबा ठणठणीत. म्हणजे सर्दी स्पीकरला!

माझा मित्र, याला आपण इंजिनीयर म्हणू, हे ऐकून खो खो हसला. "काकूंचे कान म्हणजे काय मीटर आहे का?" मी त्याला बीबीसीचं उदाहरण दिलं. तिथले इंजिनीयर स्टुडिओत बोलणारा माणूस प्रत्यक्ष ऐकायचे, शेजारच्या खोलीत जाऊन तोच आवाज स्पीकरवर ऐकायचे आणि मग स्पीकरबद्दल बोलायचे. ओळखीच्या माणसाच्या आवाजाइतकं निर्दय परीक्षण दुसरं नाही. गिटारचा मूळ आवाज कसा होता हे आपल्याला कुठे माहीत असतं? आणि अमर बोस! बंगाली क्रांतिकारकाचा मुलगा, लहानपणी व्हायोलिन शिकलेला. १९५६ साली एमआयटीत असताना त्यांनी आकडे बघून एक भारी हायफाय सेट विकत घेतला, घरी लावला आणि साफ निराश झाले. कागदावर सगळं बरोबर, कानाला चूक. त्यातूनच पुढे त्यांची कंपनी उभी राहिली. (बोसच्या स्पीकरांवरून आम्हा खुळचटांमध्ये होणारी भांडणं हा वेगळा विषय. असो.)

इंजिनीयरने मुद्दा मान्य केला नाही, पण शनिवारी मोजमापाचा माइक आणि लॅपटॉप घेऊन आला. खोलीच्या भिंतींचे पडसाद नकोत म्हणून आम्ही स्पीकर गच्चीवर नेला, उंच स्टुलावर ठेवला आणि खालपासून वरपर्यंत चढत जाणारी शिट्टी वाजवली. तीनदा. चौथ्यांदा वाजवायच्या आत खालच्या मजल्यावरच्या काकू "कुत्रं अडकलंय का रे वर?" म्हणून बघून गेल्या.

आणि ग्राफ? माझी इस्त्रीची रेघ कुठेच नव्हती. साधारण सहाशे हर्ट्झच्या खाली आवाज उतरत गेलेला, आणि वरची बाजू खालच्यापेक्षा जवळजवळ सहा डेसिबलने चढी. बाबांची छाती गायब होती, ती इथे.

कारण इतकं साधं होतं की लाज वाटली. वरच्या सुरांच्या लाटा आखूड असतात, त्या खोक्याच्या पुढच्या फळीवर आपटून सरळ समोर जातात. खालच्या सुरांच्या लाटा लांबच लांब, त्या फळीला वळसा घालून मागेही पसरतात, म्हणून समोर कमी पोचतात. हा बदल कुठे होणार हे फळीच्या रुंदीवर ठरतं: ११५ ला मीटरमधल्या रुंदीने भागायचं. माझी फळी २० सेंटिमीटर, म्हणजे ५७५ हर्ट्झ. आणि कंपनीचा ग्राफ? तो भल्यामोठ्या सपाट फळीवर वूफर बसवून काढलेला असतो. तिथे वळसा घालायला जागाच नाही! माझ्या गणितात काहीच चुकलं नव्हतं. मी फक्त दुसऱ्याच स्पीकरचं गणित सोडवलं होतं.

इंजिनीयर माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ, माइकने दाखवलं." मी म्हटलं, "आईने आधी सांगितलं."

उपाय सोपा. वूफरच्या वाटेत एक कॉइल आणि तिला समांतर एक रेझिस्टर टाकायचा, वरची बाजू खाली ओढायची, ट्वीटरही तेवढाच दाबायचा. गच्चीवर पूर्ण सहा डेसिबल ओढले, रेघ झकास सरळ आली. इंजिनीयरने तिचा फोटोसुद्धा काढला. मग स्पीकर खाली आणून जागेवर ठेवला, आईला बोलावलं आणि काही न सांगता बाबा लावले.

"आता माठात तोंड घालून बोलताहेत."

इंजिनीयर खवळला. "काकू, ग्राफ सरळ आहे!" आई म्हणाली, "असेल बाबा. मी आवाजाचं बोलतेय."

पुन्हा तीच बरोबर निघाली. गच्चीवर मागे गेलेला खर्ज आकाशात जातो. खोलीत स्पीकरमागे हातभर अंतरावर भिंत आहे, ती त्यातला काही भाग परत पाठवते. म्हणजे खोलीनेच थोडी भरपाई करून दिली होती आणि वर आम्ही पूर्ण भरपाई केली. मग खोलीत मोजायला घेतलं, तर तिथे वेगळीच गंमत. माइक एक फूट सरकवला की खालच्या सुरांचा ग्राफ पूर्ण बदलतो. एका जागी खड्डा, दुसरीकडे टेकाड. इंजिनीयर प्रत्येक खड्डा बुजवायला निघाला होता, त्याला जेवायला बसवून थांबवलं. शेवटी सहा नाही, पाच नाही, चार डेसिबलवर आईने मान हलवली. तो आकडा मात्र कुठल्याच सूत्रातून आला नाही.

गंमत म्हणजे मला स्वतःला हे नवे स्पीकर दोन दिवस मंद वाटले. चमक गेली, झांजा मागे गेल्या. महिनाभर चढा आवाज ऐकून माझ्या कानांना तोच सरळ वाटायला लागला होता. शिवाय आवाज एकूणच कमी झाला होता, आणि एखादा डेसिबल जास्त वाजणारा स्पीकर कानाला "जास्त चांगला" वाटतो ही जुनी फसवणूक. व्हॉल्यूम जुळवून पुन्हा ऐकलं तेव्हा मान्य केलं. तिसऱ्या दिवशी जुना क्रॉसओव्हर लावून बघितला, तर खरंच सगळे गेंगाणे. ज्या आवाजावर मी अ‍ॅडव्हान्स घेतला होता, तो हा!

एवढ्यावर मी "कान जिंदाबाद" म्हणून कॉलर ताठ केली असती. पण इंजिनीयरला १८०० रुपयांचा कपॅसिटर दिसला. आधी त्याने दोन्ही कपॅसिटर मीटरवर मोजले, किंमत अगदी सारखी. मग एकच स्पीकर, त्यात दोन्ही कपॅसिटर, मध्ये बटण, आणि ते बटण त्याच्या हातात, पडद्याआड. सोळा वेळा. प्रत्येक वेळी मी सांगायचं, महाग की स्वस्त. पहिल्या तीन वेळा तर मला शंभर टक्के खात्री होती. पडदा उठताना दिसत होता हो!

सोळापैकी नऊ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी आठ आले असते.

मी एकटा नाही हे जरा समाधान. फ्लॉइड टूल यांनी कॅनडातल्या सरकारी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ऐकवून लोकांची मतं नोंदवली. १९९४ साली त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी ध्वनीच्याच धंद्यातल्या लोकांना तेच स्पीकर एकदा दाखवून आणि एकदा लपवून ऐकवले. डोळ्यांना दिसल्याबरोबर गुण बदलले. आणि टूल यांच्या प्रयोगांत पडद्याआड लोकांना बहुतेक वेळा कोणते स्पीकर आवडले? ज्यांचा समोरचा ग्राफ सरळ आणि बाजूंचा गुळगुळीत, तेच. म्हणजे कान चांगलेच असतात, त्यांना फक्त किंमत सांगायची नसते. आईला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिला मुळात स्पीकरमध्ये इंटरेस्टच नाही.

सोमवारी ऑफिसात दोघांना खरं सांगितलं आणि कपॅसिटरचे पैसे पुढे केले. क्रॉसओव्हर बदललाय, पुन्हा ऐकून जा, नाही आवडला तर अ‍ॅडव्हान्सही परत. एकाने पैसे घेतले आणि त्यात आम्हा तिघांना मिसळ खिलवली. दुसरा म्हणाला, "नको, मला तो महागडाच लाव. तुला ऐकू येत नसेल, मला येतो." त्याला पडद्याआड बसायला बोलावलंय, पण तीन रविवार झाले, त्याला वेळ मिळत नाहीये.

परवा संध्याकाळी भाषणाचं शेवटचं कटिंग करत होतो. रेशनची रांग संपून बाबा मुंबईच्या पहिल्या नोकरीपर्यंत आले होते. स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, "अहो, बोलताय ते राहू द्या, आधी कुकरचा गॅस बंद करा."

मी उठून बंद केला.