कपडा घालण्याचा आणि उतरवण्याचा हक्क

सहलीला गेलेल्या बायकांचे फोटो हल्ली आपल्या सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात. श्रीनगरच्या बागेत फिरन घालून, दार्जिलिंगच्या चहामळ्यात पाठीला टोपली लावून, आणि परदेशी गेलं तर तिथल्या पारंपरिक पोशाखात. कपडे भाड्याने मिळतात, तासाभरात फोटो होतात, कपडे परत जातात. यात स्त्रियांच्या चळवळीने बोलावं असं काय आहे, असं कुणीही विचारेल. पण सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आम्ही ज्या महिला गटांबरोबर काम करतो, त्यांच्या बैठकांत अशाच एका फोटोवरून बराच वाद झाला. त्या वादातून माझं एक मत पक्कं होत गेलं. ते मैत्रिणींसमोर मांडते.

फोटो चिनी पोशाखातला होता. सांगलीत नोकरी करणारी, चाळिशी ओलांडलेली आमची एक मैत्रीण सहकाऱ्यांबरोबर चीनच्या सहलीला गेली. शिआन हे तिथलं जुनं शहर, तांग राजवटीची (इ.स. ६१८ ते ९०७) राजधानी. तिथे पर्यटकांना जुन्या काळच्या वेशात सजवून फोटो काढून देणारी दुकानंच दुकानं आहेत. लांब घोळदार बाह्या, छातीपाशी बांधलेला घागरा, उंच अंबाडा, त्यात पिना, कपाळावर लाल फुलासारखी खूण. पायात मात्र तिचे स्वतःचे सहलीचे बूट. फोटोत ती दिलखुलास हसते आहे. तिने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात दिराचा निरोप आला, “हे काय नाटक? आता घरीही असंच फिरणार का?” सासरे काही बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणं घरात सगळ्यांना कळतं. तिने फोटो काढून टाकला.

बैठकीत याची चर्चा झाली तेव्हा सरळ दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, “त्यात काय एवढं? बाईने जरा हौस केली, कुणाचं काय बिघडलं?” काही जुन्या कार्यकर्त्यांचं म्हणणं वेगळं होतं. हा सगळा बाजार आहे, दुसऱ्यांच्या संस्कृतीचं प्रदर्शन मांडून पैसा करण्याचा धंदा आहे, आणि बाईला नटवून उभं करण्यात मुक्ती कसली, असं त्या म्हणाल्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही दोन्हीकडून एक प्रश्न निसटतो, असं मला वाटतं. तो म्हणजे, अंगावर काय चढवायचं आणि ते कधी उतरवायचं, हे ठरवतं कोण?

चिनी पोशाखाचाच इतिहास पाहू. मुळात चिनी पोशाख एकच एक नाही. आमच्या मैत्रिणीने घातला तो हानफू, म्हणजे बहुसंख्य हान समाजाच्या जुन्या वेशावरून आज नव्याने शिवला जाणारा पोशाख. १६४४ मध्ये मांचूंनी बीजिंग घेतलं आणि पुढच्याच वर्षी हुकूम काढला, की हान पुरुषांनी कपाळावरचे केस भादरून मागे वेणी ठेवावी. न ठेवणाऱ्याचं डोकं उडवलं जाई. म्हणजे पोशाख आणि केस हे राज्यकर्त्यांनी प्रजेवर आपली खूण उमटवण्याचं साधन झालं. बायकांना या हुकमातून बरीचशी सूट होती, पण त्यांच्यासाठी घरचे हुकूम होते. लहानपणी पाय करकचून बांधून मुलींना जन्माचं अधू करण्याची रीत शतकानुशतकं चालली. प्रजासत्ताक आल्यावर १९१२ मध्ये तिच्यावर बंदी आली, तरी खेड्यापाड्यांत ती पुढेही काही दशकं टिकली. फोटोच्या दुकानात जुन्या काळचा पोशाख मिळतो; जुन्या काळचे पाय कुणी मागत नाही. मैत्रिणीच्या पायातले ते बूट मला म्हणूनच बोलके वाटतात.

दुसरा प्रसिद्ध पोशाख छीपाव, सिनेमांत दिसणारा उभ्या गळपट्टीचा अंगाबरोबरचा झगा. १९२० च्या दशकात शांघायसारख्या शहरांत शिकणाऱ्या मुलींनी तो घालायला सुरुवात केली तेव्हा तो सैलसर होता, पुरुषांच्या लांब झग्यासारखा. पुरुषासारखा एकसंध झगा आपणही घालायचा, यात त्यांच्यातल्या अनेकींना बरोबरीची भाषा दिसत होती. १९२९ मध्ये तेव्हाच्या सरकारने त्याला स्त्रियांच्या औपचारिक पोशाखाचा दर्जा दिला. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि तोच झगा भांडवलशाहीची खूण ठरला. राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांच्या पत्नी वांग क्वांगमेई १९६३ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारी दौऱ्यावर छीपाव घालून गेल्या होत्या. १९६७ मध्ये बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात रक्षकदलाच्या तरुणांनी त्यांना जमावापुढे उभं केलं, जबरदस्तीने छीपाव चढवायला लावला, मोत्यांची टिंगल म्हणून गळ्यात पिंगपाँगच्या चेंडूंची माळ घातली. चार वर्षांपूर्वी स्वतःहून घातलेला झगा या वेळी त्यांच्यासाठी शिक्षा झाला. कापड तेच होतं, बाई तीच होती. मधून तिची मर्जी काढून घेतली होती.

हे समजायला चीनपर्यंत जायचीही गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत ज्यांनी १९०० मध्ये नाव घातलं, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी दलित स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केलं. लुगडं कसं नेसता, गळ्यात-हातात काय घालता, यावरून तुमची जात ओळखली जाते. त्या खुणा टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं आणि लुगडं घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. आज आपण ज्याला सहज ‘पारंपरिक वेश’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग कुणावर तरी लादलेला होता, हे त्यांनी ओळखलं होतं. विधवेचं लाल आलवण हाही पारंपरिक वेशच होता. ते नेसून फोटो काढण्याची हौस कुणाला होईल?

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. सांगलीपासून जवळच असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाला मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करावा लागला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र तोडू नये. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हे करायला सांगितलं. ठराव झाले ही आनंदाची गोष्ट. पण एकविसाव्या शतकात ते करावे लागले, यावरून बाईच्या अंगावरच्या वस्तूंची मालकी कुणाकडे आहे ते कळतं. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या. बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता घालावा, जीन्स आणि टी-शर्ट नको. पंजाबी ड्रेससाठी ज्या शिक्षिकांनी एकेकाळी मुख्याध्यापकांशी भांडण घेतलं, त्यांना आता तोच ड्रेस नियमाने मिळाला, पण पुढची रेघ पुन्हा दुसऱ्याच कुणीतरी आखली.

म्हणून आमच्या मैत्रिणीच्या फोटोकडे मी अशा नजरेने पाहते. तिने चिनी वेश घातला, यात मला वावगं काही वाटत नाही. मला खुपतं ते हे, की तिला मनासारखं काही घालून हसायला थेट शिआनला जावं लागलं. आमच्या बैठकांत विचारलं तर घरोघरी मातीच्या चुली. कऱ्हाडकडची एक सून काश्मीरला गेली तेव्हा पहिल्यांदा पँट घातली. परतताना पुण्यात गाडी बदलायच्या आधी ती साडी नेसली. जतकडच्या एकीने मनालीतले फोटो मोबाईलमध्ये कुलूप लावून ठेवले आहेत. “तिथं आपल्याला कोण ओळखतंय?” हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे, की सहल म्हणजे त्यांच्यासाठी नजरेतून सुटण्याची रजा आहे, असं वाटायला लागलं आहे. रजा गोड असते. पण रजा मंजूर करणारा दुसरा असतो आणि ती संपते. हक्क संपत नाही.

आता बाजाराचा मुद्दा. तो मी झटकून टाकणार नाही. दुसऱ्या बायकांच्या कष्टाचा वेश आपण हौसेचा करतो, तेव्हा त्या बायकांना त्यातून काय मिळतं, हे विचारलं पाहिजे. चहामळ्यात टोपली लावून आपण दहा मिनिटं उभ्या राहतो. ती टोपली दिवसभर पाठीवर वागवणाऱ्या बाईची मजुरी किती, हे आपल्याला ठाऊक नसतं. चीनच्या फूच्यान प्रांतात छुआनचौ शहराजवळ शुनपू नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कालवं काढतात, मासळी विकतात आणि अंबाड्याभोवती ताज्या फुलांची वर्तुळं माळतात. २०२३ पासून ही फुलं माळून फोटो काढायला तिथे पर्यटकांची रीघ लागली. फुलं माळून देण्याचं काम गावातल्या बायकाही करतात, त्यामुळे निदान काही पैसा त्यांच्या हातात पडतो. आपल्याकडे किनाऱ्यावर कोळणीच्या वेशात फोटो काढतात, तेव्हा मासळी बाजारातल्या कोळणीला त्यातलं काय मिळतं?

आणि कुठला वेश भाड्याने मिळत नाही, हेही बघा. वाळवा-कऱ्हाडच्या उसाच्या फडात मराठवाड्यातून येणारी ऊसतोड बाई साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, कारण उसाचं पाचट हात कापतं. तासगावच्या द्राक्षबागेत बायका डोकं-तोंड फडक्याने गुंडाळून काम करतात. हाच आपल्या भागातल्या कष्टकरी बाईचा खरा वेश. मेणवलीच्या घाटावर लग्नाआधीचे फोटो काढायला शिवलेली नऊवारी, नथ, चंद्रकोर सगळं मिळतं. तो शर्ट मात्र कुणी मागत नाही. परंपरा म्हणून आपण काय निवडतो आणि काय झाकतो, ते यातून दिसतं.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे. चिनी वेश आपल्याला आवडतो, चिनी दिसणारा माणूस आवडतोच असं नाही. महाबळेश्वरला चायनामन नावाचा धबधबा आहे. इंग्रजांनी तिथल्या तुरुंगात चिनी आणि मलाया कैदी ठेवले होते. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. भाजीपाल्याच्या बागा आणि वेताच्या टोपल्या-खुर्च्यांचं काम त्या कैद्यांनी तिथे रुजवलं. नाव उरलं, माणसं विसरली गेली. १९६२ च्या युद्धानंतर भारतातच राहणाऱ्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबण्यात आलं, त्यात बायका-मुलंही होती. २०२० मध्ये करोनाच्या काळात ईशान्य भारतातल्या मुलींना आपल्या शहरांत ‘करोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. तेव्हा चिनी वेशात फोटो काढताना बोटांनी डोळे ताणून बारीक करण्याची जी गंमत चालते, ती गंमत नाही. वेश घ्यावा, चेहऱ्याची टवाळी करू नये.

मग आपण करायचं काय? एक, गटाच्या बैठकीत प्रत्येकीने सांगावं, की मला घालावंसं वाटतं पण घालता येत नाही असं काय आहे आणि नको असताना घालावं लागतं असं काय आहे. डोक्यावरचा पदर असेल, मंगळसूत्र असेल, गाऊनवरची ओढणी असेल. दुसऱ्या यादीतली गोष्ट न घालण्याचा हक्क हा पहिल्या यादीइतकाच मोठा आहे. दोन, एखादीने घरात पहिलं पाऊल टाकलं आणि बोलणी बसली, तर गटातल्या दोघीचौघींनी तिच्या घरी जावं. एकटीने सहन केलं की तो तिचा हट्ट ठरतो, चौघी गेल्या की प्रश्न होतो. तीन, सहलीत वेश भाड्याने घेताना तो कुणाचा आहे, पैसे कुणाला जातात, हे विचारावं. स्थानिक बाईला शेजारी उभं करून फोटो काढायचा असेल तर आधी तिची परवानगी घ्यावी. ती नाही म्हणाली तर तिचं ‘नाही’ ऐकावं, कारण आपलंही ‘नाही’ ऐकलं जावं अशी आपली मागणी आहे.

आपण पोशाखावर बोलायला लागलो की लोक म्हणतात, पाण्याचे, जमिनीचे, मारहाणीचे प्रश्न सोडून हे काय घेऊन बसलात? माझं उत्तर साधं आहे. जिला स्वतःच्या अंगावरच्या कापडाचा निर्णय घेता येत नाही, तिला सातबाऱ्यावर नाव मागताना आवाज कुठून येणार? सुरुवात अंगापासूनच होते.