फोन माझा, किल्ली कुणाकडे?



मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. कंटेनरचं सील तोडलं तर ती चोरी, हे आम्हाला पहिल्याच दिवशी दरडावून सांगतात. माल दुसऱ्याचा, कबूल! पण माझ्या खिशातला फोन? त्याचे हप्ते मी पाठ मोडून फेडलेत. मग त्याचं सील मी का तोडायचं नाही?

फोन चालू झाला की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. बूटलोडर. कुठली ऑपरेटिंग सिस्टीम आत घ्यायची हे तो ठरवतो. गेटवरचा वॉचमनच म्हणा. माझ्या फोनच्या कंपनीनं त्याला कायमचं कुलूप ठोकलंय. मी लिनेजओएस टाकायला गेलो, तर साला उंबऱ्यावरच अडवला!

अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे. कुणीही घ्यावा, बदलावा. २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेनमॉड बंद पडली आणि त्याच कोडातून लिनेजओएस उभी राहिली. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले जुने फोन ती जगवते. गुगलची ॲपं तिच्यात आयती येत नाहीत. ग्राफिनओएसमध्ये तर एखाद्या ॲपचं इंटरनेटच तोडता येतं. मग बॅटरी पेटवणारं ॲप घरची खबर बाहेर कशी पोचवणार?

पण ग्राफिनओएस बांधली गेली ती महागड्या पिक्सेल फोनांसाठी. वर बँकांची काही ॲपं गुगलला विचारून घेतात, हा फोन शुद्ध आहे का? गुगल नाही म्हणालं की दार बंद. शुद्धतेचे दाखले वाटणारे आपल्याला नवे नाहीत!

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२२ साली स्पर्धा आयोगानं गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड ठोकला. फोन कंपन्यांना अँड्रॉइडचे वेगळे अवतार काढू न देणाऱ्या करारांवरही बोट ठेवलं. माझं कुलूप मात्र जागच्या जागी.

आणि कोड लिहिणाऱ्या मित्रांनो, 'मग दुसरा फोन घे' असं मला सांगू नका. पैसा असेल त्यालाच खाजगीपणा मिळणार, तर तो हक्क कसला? तो माल झाला. आणि माल म्हणजे काय ते मला कळतं, रोज वाहतो.

कुलूप चोरापासून वाचवतं म्हणता? वाचवतं. पण घराच्या कुलपाची किल्ली घरात राहणाऱ्याकडे असते, कुलूप विकणाऱ्याकडे नाही.

फोन विकलात ना? मग किल्ली काढा!