चुकीचा खर्च कोणाच्या खात्यावर?

दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते आणि जगभर रुग्ण सुरक्षा दिन पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुरू केलेल्या या दिवसाचा २०२५ चा विषय होता, प्रत्येक नवजात अर्भकाला आणि प्रत्येक बालकाला सुरक्षित उपचार. महाराष्ट्राला या विषयाची आठवण करून द्यावी लागू नये. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली. आत १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये उडालेली ठिणगी हे कारण चौकशीत पुढे आले. पुढे २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ अर्भके होती. तेव्हा औषधांचा तुटवडा, अपुरे मनुष्यबळ, उशिरा रेफर होऊन आलेले अत्यवस्थ रुग्ण अशा सगळ्यांवर चर्चा झाली. पैशांवरही झाली, पण ती निधी किती मिळाला आणि किती खर्च झाला एवढ्यापुरतीच. विभागात काही बिघडले की त्याची एकूण किंमत किती होते आणि ती कोण मोजते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

कारखानदारीने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. आर्मंड फायगेनबॉम या अमेरिकी अभियंत्याने १९५६ मध्ये गुणवत्तेच्या खर्चाची तीन खात्यांत विभागणी मांडली. चूक होऊ नये म्हणून केलेला खर्च, चूक झाली का हे तपासण्याचा खर्च, आणि चूक झाल्यावर ती निस्तरण्याचा खर्च. पहिल्या खात्यात थोडे जास्त टाकले की तिसऱ्यातले बरेच वाचते, हे त्याने दाखवून दिले. उद्योगांना ते पटले, कारण खराब निघालेला माल त्यांच्याच गोदामात परत येत होता. रुग्णालयात नेमके इथेच घोडे पेंड खाते.

नवजात शिशू विभागातली एक नेहमीची घटना घेऊ. दीड किलोचे बाळ वॉर्मरवर आहे. रात्रपाळीला सिस्टर एक आणि बाळे दहा. निकष सांगतो की प्रत्येक पाळीत तीन-चार खाटांमागे एक परिचारिका हवी. एका बाळाचे सलाईन बदलून दुसऱ्याकडे, तिथून मॉनिटर वाजला म्हणून तिसऱ्याकडे धावताना प्रत्येक वेळी हातावर सॅनिटायझर घेऊन तो नीट सुकेपर्यंत थांबणे तिला जमत नाही. दोन दिवसांनी बाळ दूध पचवत नाही, मलूल होते, श्वास अडखळतो. ब्लड कल्चर जाते, रिपोर्ट येईपर्यंत अँटिबायोटिक चढत्या भाजणीने बदलत जाते, प्लेटलेट द्याव्या लागतात, कधी व्हेंटिलेटर लागतो. रक्तात जंतू सापडले तर किमान दहा ते चौदा दिवसांचा कोर्स. तेवढे दिवस तो वॉर्मर अडतो आणि तालुक्यावरून आलेल्या दुसऱ्या बाळाला जागा नाही म्हणून पुढे पाठवले जाते.

आता याचा हिशेब शोधायला गेले तर तो कुठेच सापडत नाही. औषधे औषध भांडाराच्या नोंदीत, प्लेटलेट रक्तपेढीच्या, कल्चर प्रयोगशाळेच्या. हे सारे एका न धुतलेल्या हातामुळे झाले, असे सांगणारा रकाना नाही. आणि सर्वांत मोठा भाग तर रुग्णालयाच्या कोणत्याच वहीत येत नाही. वडिलांची बुडालेली रोजंदारी, गावाकडून येणाऱ्या आजीचे एसटीचे भाडे, बाहेरून आणलेल्या इंजेक्शनसाठी सावकाराकडे ठेवलेले मंगळसूत्र. ओली बाळंतीण व्हरांड्यात सतरंजीवर बसून असते. तिच्या तब्येतीची किंमत कोणी धरत नाही.

खासगी रुग्णालयात तर हा हिशेब उलटाच होतो. तिथे संसर्गामुळे वाढलेले आठ दिवस बिलात चढतात. ज्या चुकीचा भुर्दंड रुग्णालयाला बसायला हवा, तीच त्याच्या जमेच्या बाजूला जाते. यामागे कोणाची बदनियत असते असे नाही, बिलाची रीतच तशी आहे. ती बदलता येते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने १ ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयातच उद्भवलेल्या ठरावीक गुंतागुंतींचे वाढीव पैसे देणे बंद केले. आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बहुतेक उपचारांना ठरलेले पॅकेज आहे. मुक्काम लांबला तर तोटा रुग्णालयाचा, म्हणजे प्रतिबंधात रस निर्माण व्हायला जागा आहे. मात्र त्याच तोट्याच्या भीतीने गुंतागुंतीचे बाळ लवकर दुसरीकडे धाडले जाऊ नये, यावर देखरेख हवी. ती आज पुरेशी नाही.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांमध्ये जन्मलेल्या आणि तिथेच दाखल झालेल्या अर्भकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे १४ टक्के बाळांना जंतुसंसर्ग झाला होता, आणि त्यातले बरेच जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. म्हणजे तिसऱ्या खात्यातला हा खर्च वर्षागणिक महागच होणार. उलट पहिल्या खात्यातल्या गोष्टी पाहा. जादा परिचारिका, खाटेशेजारी सॅनिटायझरची भरलेली बाटली, वॉर्मरचा देखभाल करार वेळेत नवा करणे, जुनी वायरिंग बदलणे, धूर ओळखणारा अलार्म, रात्रीही उघडणारा दुसरा दरवाजा. आणि बाळाशेजारी आईसाठी एक खाट. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवले तर काय होते, हे भारतासह पाच देशांत तपासले गेले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले होते, जंतुसंसर्गही घटला होता. एवढा गुण देणारे यंत्र बाजारात असते तर प्रत्येक जिल्ह्याने त्याची निविदा काढली असती. आईची खाट मात्र जागेअभावी अडते.

बाळाच्या जिवाची रुपयांत किंमत करायची का, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर नाही असेच आहे. भंडाऱ्याच्या पालकांना सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले, त्यातून कोणाचेही काही भरून निघाले नाही. परंतु मंत्रालयात फाईल रुपयांवर हलते. परिचारिकांची मागणी करणाऱ्या जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पत्रात आज फक्त खर्चाची बाजू असते, म्हणून ते पत्र ‘निधी उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह परत येते. त्याच पत्राला न झालेल्या प्रतिबंधाची किंमत जोडली तर तो शेरा मारणाऱ्यालाही आपण काय नाकारतो आहोत ते कागदावर दिसेल. जीव मोलाचा आहे म्हणूनच हा हिशेब ठेवायचा.

सगळ्या रुग्णालयाचा हिशेब एकदम मांडायला गेले तर काहीच होणार नाही. सुरुवात नवजात शिशू विभागापासून करावी. दर महिन्याला एक पान. दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर संसर्ग झालेली बाळे किती, त्यांचे वाढलेले खाट-दिवस, त्यांना दिलेली वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स आणि त्यांची किंमत, बंद पडलेले वॉर्मर आणि ते किती दिवस बंद राहिले, जागेअभावी परत पाठवलेली बाळे, रात्रपाळीत एका सिस्टरमागे असलेली बाळे. शेवटचा रकाना पालकांना विचारून भरायचा: किती रोज बुडाला, बाहेरून किती पैशांचे औषध आणले. पान भरणाऱ्या सिस्टरला किंवा डॉक्टरला त्यातल्या आकड्यांवरून नोटीस दिली जाणार नाही, हे लेखी द्यावे. नाहीतर पहिल्याच महिन्यात सगळे रकाने शून्य होतील. हे पान विभागाच्या दारावर लागावे आणि पुढच्या अर्थसंकल्पाच्या मागणीला जोडून आरोग्य संचालनालयाकडे जावे. भंडारा आणि नांदेड या दोन जिल्ह्यांनी ते येत्या ऑक्टोबरपासून सुरू करावे, अशी आमची मागणी आहे.