शेताखालचा नळ कोण तपासतो?



राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन ही गावे एके काळी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत. आज ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत, आणि त्या शहरातील पुष्कळ स्वयंपाकघरांत महानगर गॅस कंपनीचा गॅस नळाने येतो. शेगडीचा कान पिळला की निळी ज्योत हजर! पण शहरांना लागणारा हा गॅस दुरून येतो, मोठ्या पोलादी नळांतून आणि तुमच्याआमच्या शिवाराखालून. गुजरातेतील दहेजपासून उरणपर्यंतची गेल कंपनीची वाहिनी २००७ सालापासून चालू आहे. अशा वाहिनीच्या खुणेचे खांब तुमच्यापैकी काहींच्या बांधावर असतील.

मग साहजिकच प्रश्न येतो, की जमिनीत गाडलेला नळ आतून गंजला तर कळणार कसे? हा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम गावी गॅसची वाहिनी फुटून आग लागली आणि वीसहून अधिक माणसे गेली. गॅसबरोबर आलेल्या पाण्याच्या अंशाने नळ आतून खाल्ला गेला होता. वरची जमीन मात्र नेहमीसारखीच दिसत होती.

नळ आतून तपासण्यासाठी जे उपकरण सोडतात त्याला 'पिग' म्हणजे डुक्कर म्हणतात. नळातून घासत जाताना ते केकाटते, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. सायकलचा पंप उघडून पाहा. दांड्याच्या टोकाला वायसर असतो आणि तो नळीला आतून घट्ट बसतो. पिगलाही असेच मोठे वायसर असतात. मागून गॅसचा दाब जास्त, पुढे कमी, म्हणून ते पुढे ढकलले जाते. त्याला इंजिन लागत नाही.

त्याच्या अंगावर जबरदस्त लोहचुंबक बसवलेले असतात. ते नळाच्या पोलादात चुंबकत्व भरतात. जेथे गंजून पत्रा पातळ झाला असेल तेथे ते चुंबकत्व बाहेर फाकते, आणि उपकरणातील संवेदक त्याची नोंद करतात. किती अंतरावर दोष आहे हे बाजूची चाके मोजतात. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंडियन ऑइलच्या साथीने असे उपकरण देशात तयार केले आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आता खरी मेख पाहा. ही नोंद नीट व्हायची तर उपकरण एकसारख्या चालीने गेले पाहिजे. सेकंदाला साधारण एक ते चार-पाच मीटर ही चाल बरी. पाण्याच्या नळात ते सोपे, कारण पाणी दबत नाही. जितके पाणी सरकेल तितकाच पिग सरकेल. गॅसचे तसे नाही. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दांडा दाबा. दांडा आत जातो आणि सोडताच उसळून मागे येतो. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, हे हातालाच कळते.

नळातही तेच घडते. वळणावर, जाड जोडावर किंवा साचलेल्या गाळात पिग अडकला की त्याच्या मागे गॅस साठत जातो. तीस इंची नळाचा आतला व्यास ७४ सेंटिमीटर धरला तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ४,३०० चौरस सेंटिमीटर होते. मागच्या-पुढच्या दाबात दर चौरस सेंटिमीटरला फक्त एक किलोचा फरक पडला तरी ढकलणारा जोर ४,३०० किलोंचा, म्हणजे ४३ क्विंटलांचा झाला! मग चिखलात रुतलेली बैलगाडी एकदम सुटावी तसा पिग सुटतो आणि भरधाव पळतो. त्या पळीत नळाचा जो भाग मागे पडतो त्याची नोंद बिघडते. कोणास ठाऊक, नेमका तोच भाग तुमच्या शेताखालचा असायचा!

म्हणून उपकरण सोडण्याआधी त्याचा सारा प्रवास गणिताने मांडून पाहतात. पद्धत आपल्या पाटाच्या पाण्याच्या हिशेबासारखी आहे. लांब नळाचे छोटे छोटे तुकडे कल्पायचे. प्रत्येक तुकड्यात किती गॅस आला, किती गेला, दाब किती उरला, याचा जमाखर्च ठेवायचा. मग पिगला मागून ढकलणारा जोर किती, घर्षण किती, चढावर वजन किती मागे ओढते, हे वजा करून त्याची चाल काढायची. संगणक क्षणाक्षणाला हा हिशेब पुन्हा करतो. त्यावरून गॅसचा प्रवाह किती ठेवायचा, पिग कोठे अडकेल, कधी पोहोचेल, याचा अंदाज बांधता येतो. गॅसचा वेग जास्त असेल तर पिगच्या पोटातून थोडा गॅस पुढे जाऊ देतात, म्हणजे चाल मंदावते.

मात्र घर्षण किती, हे कागदावर नेमके सापडत नाही. ते अनुभवाने ठरवावे लागते. म्हणून आधी साफसफाईचा पिग पाठवतात, नंतर ॲल्युमिनियमची चकती लावलेला. चकती वाकून आली तर नळात कोठेतरी पोचा आहे हे समजते. वाट मोकळी आहे अशी खात्री झाल्यावरच महागडे उपकरण सोडतात.

हे सारे झाले तरी उपकरण काही वर्षांनी एकदाच फिरते. उद्या कोणी जेसीबीचा दात नळाला लावला तर ते त्याला आज कसे दिसणार? ते तुम्हालाच दिसेल. म्हणून थोडे ध्यानात ठेवा.

१९६२ च्या कायद्यानुसार वाहिनीच्या पट्ट्यातील जमिनीची मालकी तुमचीच राहते. पूर्वीप्रमाणे पीक घेता येते. मात्र त्या पट्ट्यात घर, विहीर किंवा तळे करता येत नाही आणि झाडे लावता येत नाहीत. शेततळ्याचा नकाशा आखण्यापूर्वी हे पाहा. नुकसानीची भरपाई आणि शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. तिची कागदपत्रे सातबाऱ्याबरोबर जपून ठेवा.

आणखी एक. घरच्या गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो बहुधा शहराच्या वेशीवर मिसळतात. शेतातल्या मोठ्या नळातून गॅस सुटला तर वास येईलच असे नाही. सूं-सूं आवाज, उडणारी माती, भातखाचरातले बुडबुडे, पट्ट्यात एकाच जागी करपलेले पीक, यांपैकी काही दिसले तर विडी-काडी पेटवू नका, मोटार किंवा ट्रॅक्टर चालू करू नका. वारा जिकडून येत असेल तिकडे दूर जा आणि तेथून खांबावरच्या क्रमांकावर कळवा. तो नसेल तर ११२ फिरवा.

आतून उपकरणाने पाहावे, बाहेरून शेतकऱ्याने. दोन्ही डोळे उघडे असले तर शेत राखले जाईल आणि शहरातली चूलही पेटती राहील.