जुन्या स्मार्टफोनचे खरे मोल

बंगळूर शहरातील टाउन हॉलपासून थोड्याच अंतरावर सदर पत्रप्पा रस्ता आहे. शहर त्यास संक्षेपाने एस. पी. रोड म्हणते. विजेच्या उपकरणांची व संगणकाच्या सामग्रीची दुकाने तेथे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि मोबाइल दुरुस्त करणारे कारागीरही आसपास पुष्कळ आहेत. जुना स्मार्टफोन घेऊ इच्छिणारा विद्यार्थी अशा बाजारात गेला म्हणजे बहुधा दोनच गोष्टी विचारतो : किंमत किती आणि कॅमेरा कसा आहे. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न मागाहूनचे होत. पहिला प्रश्न असा असावा की, हा फोन उघडतो कसा, आणि आत घालावयाचा भाग कितीला पडतो?

याचे कारण बॅटरीत आहे. लिथियम-आयन बॅटरी भारित होताना लिथियमचे आयन धन अग्राकडून ग्राफाइटच्या अग्राकडे जातात व वापरताना परत येतात. या प्रत्येक फेरीत थोडेसे लिथियम ग्राफाइटवरील पातळ थरात कायमचे अडकून पडते. उष्णतेने ही क्रिया वाढते. म्हणजे बॅटरीची झीज हा दोष नसून तिचा स्वभाव आहे. सुमारे ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर तिची धारणशक्ती मूळच्या ८० टक्क्यांवर येते, असा साधारण हिशेब धरतात. तीन-चार वर्षे वापरलेला फोन विकत घेणारा मनुष्य बहुधा बदलण्यास आलेली बॅटरी विकत घेत असतो. तेव्हा नव्या बॅटरीचा व ती बसविण्याच्या मजुरीचा खर्च फोनच्या किमतीतच धरला पाहिजे.

आता दोन फोनांची तुलना करू. २०१४ सालच्या सॅमसंग गॅलेक्सी एस-५ चे मागील झाकण नखाने उघडे व बॅटरी हाताने निघे. असे असूनही तो एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरू शके. पुढच्याच वर्षीच्या एस-६ ला चिकटविलेली काचेची पाठ आली व बॅटरी आत बंदिस्त झाली. पाण्यापासून रक्षण करावयाचे तर फोन डिंकाने बंद करणे भागच आहे, हा युक्तिवाद म्हणूनच मला पुरता पटत नाही. चिकटविलेला फोन उघडतच नाही असे नव्हे. कारागीर तो तापवून, पातळ पट्टी सरकवून उघडतो. परंतु त्यात वेळ जातो, काच तडकण्याचा धोका असतो, आणि या दोहोंचे मोल गिऱ्हाइकाच्या माथी येते.

मग एस-५ च घ्यावा काय? नाही. त्यास कंपनीकडून मिळालेली शेवटची अँड्रॉइड आवृत्ती सहावी होती, आणि सुरक्षेच्या सुधारणा थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणे शहाणपणाचे नाही. याउलट २०१५ चा आयफोन ६-एस उघडण्यास त्याहून कठीण, तरी त्यास २०२१ ची पंधरावी आवृत्ती मिळाली. दुरुस्तीची सोय आणि सुरक्षेची मुदत या दोन गोष्टी एकाच फोनमध्ये क्वचितच भेटतात, आणि म्हणून दोन्ही एकाच हिशेबात आणावयास हव्यात.

तो हिशेब अवघड नाही. समजा, पहिला फोन ५,००० रुपयांस मिळतो, बॅटरीस १,२०० लागतात आणि सुरक्षेची मुदत १० महिने उरली आहे. दुसरा ९,००० चा आहे, बॅटरीस १,५०० लागतात, मुदत ३० महिने आहे. पहिल्याचा खर्च महिना ६२० रुपये, दुसऱ्याचा ३५०. स्वस्त दिसणारा फोनच महाग ठरला! पडदा फुटला तर काय, हे निराळे विचारावे. कारागिरांच्या भाषेत ज्यास ‘कॉम्बो’ म्हणतात तो काच व पडद्याचा जोड कित्येकदा जुन्या फोनच्या निम्म्या किमतीचा असतो.

काही ठिकाणी अडचण यंत्रात नसून आज्ञावलीत असते. २०१९ च्या आयफोन ११ मध्ये दुसऱ्या आयफोनमधून काढलेला अस्सल पडदा बसविला, तरी त्याच्या अस्सलपणाची खात्री होत नाही अशी सूचना येई. २०२४ पासून हे बंधन पुष्कळसे सैल झाले आहे.

फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोनवर दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले, व त्यात सुट्या भागांच्या किमतीलाही स्थान दिले. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने २०२५ मध्ये अशाच निर्देशांकाविषयी अहवाल सादर केला. (या कल्पनेस मराठीत ‘दुरुस्तीक्षमता’ म्हणावे की ‘दुरुस्तीसुलभता’, यावर मी बराच विचार केला. फोन जर दुरुस्त होण्यास समर्थ असला पण सुलभ नसला, तर गरिबास त्याचा उपयोग नाही. म्हणून मी दुसरा शब्द पत्करतो.) तथापि माझा एक आक्षेप आहे. गुण नव्या फोनच्या खोक्यावर छापले जातील आणि जुना फोन घेणाऱ्याच्या हाती खोके बहुधा येतच नाही. प्रत्येक प्रतिकृतीचे गुण, भागांच्या चालू किमती व सुरक्षा-सुधारणांची अखेरची तारीख यांची सार्वजनिक यादी शासनाने ठेवावी आणि ती वेळोवेळी नवी करावी. असे झाले नाही, तर या निर्देशांकाचा लाभ ज्यास नवा फोन परवडतो त्यालाच होईल.

तोवर गिऱ्हाइकाने क्रम उलटा करावा. विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी कारागिराच्या मेजापाशी जावे, फोनच्या प्रतिकृतीचे नाव सांगावे आणि बॅटरी, कॉम्बो व चार्जिंगचा जॅक या तिहींचे दर मजुरीसह कागदावर लिहून घ्यावेत. फोन पसंत पडल्यावर *#०६# हे आकडे दाबून त्याचा ओळख क्रमांक पाहावा, केवायएम या अक्षरांपुढे तो लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा आणि फोन चोरीचा नाही अशी खात्री झाल्यावरच पैसे मोजावेत.